एक माणूस, सर्व थर

संगणक-व्यवसायात 'फुल-स्टॅक डेव्हलपर' नावाचे एक पद आहे. संकेतस्थळाचा पडद्यावर दिसणारा भाग तो फ्रंट-एंड, दूरच्या यंत्रावर चालणारा तो बॅक-एंड, आणि त्यामागे नोंदी सांभाळणारा डेटाबेस. हे सर्व थर एकानेच रचावेत, अशी या पदाची अपेक्षा असते. ती कितपत रास्त आहे?

ती मुळातच अशक्य आहे, असे म्हणता यावयाचे नाही. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत वेबचा पहिला सर्व्हर आणि पहिला ब्राउझर स्वतःच लिहिला. पुढे थर वाढले, कामे विभागली गेली. १९९५ मध्ये आलेली जावास्क्रिप्ट भाषा प्रामुख्याने ब्राउझरात चाले. २००९ मध्ये नोड.जेएस आले आणि तीच भाषा सर्व्हरवरही सर्रास वापरली जाऊ लागली. परंतु भाषा एक झाली म्हणून विद्या एक होत नाही.

नाटकाच्या तिकिटांचेच पाहा. शेवटची एक खुर्ची उरली आहे आणि दोघे जण एकाच क्षणी बटण दाबतात. दोघांनाही खुर्ची रिकामी दिसते. ती एकालाच मिळावी यासाठी डेटाबेसात ट्रॅन्झॅक्शनची शिस्त घालावी लागते. ती राहून गेली, तर साध्या चाचणीत काही उमगतच नाही, कारण चाचणी घेणारा एकटाच असतो! उलट, डेटाबेसात मुरलेल्या गृहस्थाने ते बटण नुसते चित्र म्हणून ठेवले, तर पडदा वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबणाऱ्या अंध प्रेक्षकास ते सापडावयाचे नाही.

शिक्षक या नात्याने मला येथे एकशिक्षकी शाळा आठवते. वाडीवर दुसरा उपायच नसतो, तेव्हा चारही इयत्ता सांभाळणारे गुरुजी उपकारकच ठरतात. तीन-चार जणांच्या नव्या कंपनीतही सर्व थर जाणणारा माणूस तसाच मोलाचा. एका लहानशा बदलासाठी तेथे कोणाची वाट पाहावी लागत नाही.

माझा आक्षेप आहे तो ऐपत असूनही चार विद्या एका पगारात मागणाऱ्यांवर. आमच्याकडील मुले सहा महिन्यांच्या शिकवणीवर अशा पदांसाठी अर्ज करतात. मग मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तरी त्यांनाच उठविले जाते, आणि बिघाड कोणत्या थरात आहे हे विचारावयास शेजारी कोणी नसते. मुलाखतीस जाताना त्यांनी एवढे अवश्य विचारावे : माझे डेटाबेसाचे काम तपासून देणारा जाणता माणूस आपल्याकडे कोण आहे? उत्तरादाखल एखादे नाव पुढे आले, तर नोकरी खुशाल पत्करावी.