बॅले नर्तकीचा घागरा

पायाच्या बोटांच्या टोकावर उभी असलेली, पांढरा तलम घागरा ल्यालेली नर्तकी तुम्ही चित्रात केव्हातरी पाहिली असेल. युरोपातल्या या नाचाला बॅले म्हणतात. फुंकर घातली तर उडून जाईल असा तो वेष पाहून वाटते, की हा नाच जन्मला तेव्हापासून तो असाच असणार. पण तसे मुळीच नाही. हा घागरा हलका व्हायला अडीचशे वर्षे लागली.

बॅले वाढला तो फ्रान्सच्या राजदरबारात. १५८१ साली पॅरिस येथे राणीच्या बहिणीच्या लग्नानिमित्त नाच, गाणे, काव्य आणि देखावे यांचा एक मोठा खेळ झाला. बॅलेचा इतिहास लिहिणारे बहुधा तेथूनच प्रारंभ करतात. यात नाचणारे पोटासाठी नाचणारे कलावंत नव्हते. खुद्द राणी आणि दरबारातल्या थोर घरच्या स्त्रिया होत्या. मग पोशाख दरबारी थाटाचाच असणार! किनखाप, जर, मोती; ज्याचा मान मोठा त्याच्या अंगावर ओझे मोठे.

१६५३ साली तर राजा चौदावा लुई स्वतःच नाचला. वय अवघे चौदा. रात्रीवर रचलेल्या त्या बॅलेत तो शेवटी उगवता सूर्य होऊन आला. डोक्यापासून जोड्यापर्यंत सोनेरी किरणे! त्या वेषाचे चित्र आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सरदारांचे मोठे बंड त्याच सुमारास मोडले होते, तेव्हा सूर्य उगवला म्हणजे काय झाले, हे समोर बसलेल्यांना वेगळे सांगावे लागले नसेल. पाहा, येथे कपडा नाचासाठी नाही, राज्यासाठी आहे.

पुढे हा नाच राजवाड्यातून नाटकगृहात आला आणि धंदेवाईक नर्तक तयार झाले. प्रथम तेथे स्त्रियांची कामे पुरुषच मुखवटे लावून करीत. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांची हकिकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. १६८१ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात धंदेवाईक नर्तकी प्रथम रंगमंचावर आल्या. पण नाच बदलला तरी दरबारी वेष सुटला नाही. नर्तकाच्या कमरेभोवती तारांनी ताठ केलेला आखूड झगा असे, तोंडावर मुखवटा, डोक्यावर केसांचा टोप आणि वर पिसे. नर्तकीचा घागरा जमिनीला टेकलेला, चोळी करकचून आवळलेली, पायात टाचेचे जोडे. पुढे तर घागरा दोन्ही अंगांनी फुगवायला आत कड्यांचा सांगाडा आला. त्या सांगाड्याला फ्रेंच लोक टोपलीच म्हणत! शाळेच्या संमेलनात मुलांना पुठ्ठ्याचे मुकुट नि पंख बांधून नाचवणाऱ्या शिक्षकांना ही अडचण चांगली समजेल. पोर नाचते कमी आणि मुकुट सावरते जास्त.

या ओझ्याला पहिला धक्का दिला तो दोन बायकांनी. मारी कामार्गो ही ब्रसेल्सची मुलगी १७२६ साली पॅरिसच्या रंगमंचावर आली. हवेत उडी घेऊन पायांची चपळ कात्री करायची, हे तोवर पुरुषांचे काम. ती ते करू लागली. पण घागऱ्याखाली ते दिसणार कोणाला? तिने घागरा घोट्याच्या वर घेतला. घेऊन घेतला किती, तर काही बोटे! तेवढ्यावरूनही गावभर चर्चा झाली.

दुसरी मारी साले. १७३४ मध्ये लंडनला तिने एका शिल्पकाराच्या पुतळ्याची गोष्ट नाचून दाखवली. पुतळा जिवंत होतो, अशी ती जुनी ग्रीक कथा. आता ग्रीक पुतळ्याला टोपली आणि पिसे कशी शोभतील? तिने सांगाडा टाकला, केस मोकळे सोडले आणि साधी मलमल अंगाभोवती लपेटून घेतली. त्या काळी युरोपात उंची मलमल जात असे ती आपल्याकडच्या बंगालमधून, ढाक्याच्या बाजूने. माझ्या मते कामार्गोपेक्षा सालेचे धाडस मोठे. एकीने पाय दाखवण्यासाठी कपडा उचलला. दुसरीने गोष्ट काय आहे ते पाहून कपडा निवडला.

नोव्हेर नावाच्या नृत्यगुरूने १७६० साली पत्ररूपाने एक ग्रंथ लिहून मुखवटे आणि ताठ झगे यांवर कडक टीका केली. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली, फॅशनच साधी झाली, टाचा गेल्या. आणि १८३२ मध्ये मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत वनपरी होऊन आली. पिंढरीपर्यंतचा, पांढऱ्या झिरझिरीत कापडाचा घंटेसारखा घागरा, आणि पायात टोकाशी रफू करून घट्ट केलेले साटिनचे मऊ जोडे. गॅसच्या दिव्यांत ते पांढरे कापड चांदण्यासारखे दिसे. सुरुवातीला सांगितलेले चित्र ते हेच.

पण चुलीपाशी पदर सांभाळ, असे आपण घरात उगाच सांगत नाही. ते दिवे उघड्या ज्योतीचे आणि कापड हवेसारखे. १८४४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये क्लारा वेब्स्टर ही नर्तकी रंगमंचावरच भाजली आणि तीन दिवसांत वारली. कापड क्षारांच्या पाण्यात बुडवले तर चटकन पेट घेत नाही, हे लोकांना कळले होते. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये तसा सरकारी हुकूमही निघाला. मात्र त्याने कापड ताठर आणि पिवळसर होई. ताल्योनीची आवडती शिष्या एम्मा लिव्री हिने तसला घागरा घालायचे नाकारले, जबाबदारी माझी, असे लिहूनही दिले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिच्या घागऱ्याने दिव्यापाशी पेट घेतला. ती जळत रंगमंचावर धावली. आठ महिने तिने वेदना सोसल्या आणि जुलै १८६३ मध्ये ती गेली. वय वीस वर्षे.

तिच्या त्या दिवशीच्या वेषाचे जळके तुकडे पॅरिसच्या ऑपेरा संग्रहालयात जपून ठेवले आहेत.