आधी नकार लिहा



अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावं असा प्रघात आहे. मी मात्र योगदानाचे नियम सांगणाऱ्या एका छोट्या फाइलवर बोलणार आहे. गिटहबवर तिला ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ म्हणतात. आपल्या बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांत ती नसतेच, आणि असली तर कुठल्या तरी बड्या प्रकल्पातून उचललेली असते. नोकरी सांभाळून दोघा-तिघांनी चालवलेल्या कामाला ती नियमावली झेपत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की लहान प्रकल्पाने काय घेणार नाही ते आधी लिहावं. आपल्याला नकार देण्याचा संकोच वाटतो, म्हणून आपण गप्प बसतो. कुणी हौसेने पाठवलेली पुल रिक्वेस्ट सहा-सहा महिने पडून राहते आणि तो माणूस पुन्हा फिरकत नाही. एसक्यूलाइट पाहा. जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला हा डेटाबेस सार्वजनिक मालकीचा आहे, कुणीही वापरावा. पण बाहेरचा कोड आम्ही सहसा घेत नाही, असं त्याचे कर्ते उघड सांगतात. त्यात उद्धटपणा नाही, समोरच्याच्या वेळेची कदर आहे. उलट 2020च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, ऑक्टोबरभराच्या त्या उपक्रमात, बक्षिसाच्या टी-शर्टच्या आशेने किरकोळ बदलांचा असा पूर आला, की ज्या प्रकल्पांना हवं असेल त्यांनीच सहभागी व्हावं, असा नियम आयोजकांना ऐन महिन्यात करावा लागला.

नियम लिहायचे ते आपल्या कामातून सुचलेले. मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं उदाहरण घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ‘दऱ्या’तला र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह जोडून, किंवा ऱ ला हलन्त जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यातला कोणता चालेल हे एका ओळीत सांगितलं नाही, तर शब्दयादी दुहेरी होते आणि निस्तरायला मेंटेनर बसतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. मोल्सवर्थच्या कोशाच्या 1857च्या आवृत्तीतून शब्द घ्यायला हरकत नाही. पण उत्साहाच्या भरात कुणी हयात कोशकाराचं पुस्तकच्या पुस्तक टंकून पाठवलं, तर? लिनक्सने 2004मध्ये यावर साधा उपाय काढला. प्रत्येक बदलाखाली योगदान देणाऱ्याने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ टाकायची: हे देण्याचा मला अधिकार आहे. वकिलाशिवाय होणारं काम आहे, आपणही करावं.

नियम फक्त येणाऱ्याला नसतात. उत्तर किती दिवसांत मिळेल आणि अखेरचा निर्णय कोणाचा, हेही लिहा. मुख्य म्हणजे, आपण थकलो तर किल्ल्या कोणाच्या हाती आणि कशा जातील, ते लिहा. फाइली आकसून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सचा मेंटेनर एकटा, बिनपगारी होता. 2022मध्ये ‘कामं का रखडतात’ म्हणून त्याच्यामागे तगादा लागला; मदतीला आलेल्या एका टोपणनावाच्या हाती हळूहळू अधिकार गेले आणि 2024मध्ये त्यातून चोरदरवाजा निघाला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून तो वेळीच सापडला. नियमावली असती तर हे टळलंच असतं, असा माझा दावा नाही. पण ‘उशीर होईल, घाई करू नका’ हे लेखी असलं, की तगाद्यापुढे उभं राहायला मेंटेनरला आधार मिळतो.

तेव्हा माझी विनंती आहे. या आठवड्यात आपापल्या प्रकल्पासाठी एक पान लिहा, मराठीत लिहा. काय नको, काय हवं, कसं पाठवायचं, कधी उत्तर मिळेल, आमच्यानंतर कोण. पाच प्रश्न, पाच उत्तरं. ते पान एका नवख्या विद्यार्थ्याला वाचायला द्या आणि त्याला जिथे अडेल तिथे आपलं वाक्य बदला.