जुळलेली तेरीज आणि राहून गेलेली नोंद

(हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



हिशेबशास्त्राच्या पहिल्याच वर्षी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट शिकवली जाते. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, म्हणजे तेरीज जुळली, तरी हिशेब बिनचूक आहे असे सिद्ध होत नाही. एखादा व्यवहार दोन्ही बाजूंना लिहायचाच राहून गेला, तरीही तेरीज जुळते. परीक्षेत हे उत्तर पुष्कळांना येते. ते स्वतःच्या शिक्षणाला लावून पाहणारे थोडे. गुणपत्रिकेची बेरीज उत्तम जुळलेली असते आणि नोकरीच्या मुलाखतीत साधा प्रश्न येतो, ‘आजवर कोणते काम शेवटास नेले?’ त्या वेळी राहून गेलेली नोंद ध्यानात येते.

यावरून वर्गातील अभ्यास कमी मोलाचा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. दुहेरी नोंदपद्धतीचे विवेचन लुका पाचोलीने 1494 मध्ये व्हेनिस येथे छापून प्रसिद्ध केले आणि ती पद्धत आजच्या संगणकीय हिशेबाच्याही मुळाशी आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. तोही अद्याप व्यवहारात आहे. उलट करांचे नियम बदलत राहतात. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा जुने दर पाठ केलेल्यांचे पाठांतर वाया गेले. परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावट का मिळते, हे तत्त्व ज्यांना उमगले होते, त्यांना नवी व्यवस्था परकी वाटली नाही. महाविद्यालयीन अभ्यासाचे खरे फळ ते हेच.

मात्र तत्त्व समजणे आणि ते माणसांमध्ये वापरता येणे, यांत अंतर आहे. सनदी लेखापालाच्या शिक्षणात परीक्षांच्या जोडीला प्रत्यक्ष उमेदवारी सक्तीची आहे, ती याच कारणाने. बडोद्याच्या शेजारचीच दोन उदाहरणे पाहावीत. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था 1961 मध्ये स्थापन झाली. तेथे एखाद्या उद्योगापुढील खरा पेच वर्गात मांडला जातो आणि विद्यार्थ्याला आपला निर्णय इतरांसमोर सांगून त्याचे समर्थन करावे लागते. आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था 1979 ची. तेथील विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करावे लागते. कारण दूध संघाचा ताळेबंद वाचता आला, तरी दूध घालणाऱ्या बाईची अडचण त्या कागदावर दिसत नाही.

प्रत्येकाला अशा संस्थेत प्रवेश मिळणार नाही. त्याची गरजही नाही. बडोद्यातील मराठी कुटुंबांना गणेशोत्सवाचे कार्य ठाऊक आहे. समजा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याकडे मंडळाचे खजिनदारपद आले. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आणि हाती आलेली रोकड यांचा मेळ त्याने रोज रात्री घालायचा. मांडववाल्याला आगाऊ रक्कम किती द्यायची, वर्गणी कमी पडली तर कोणता खर्च छाटायचा, हे ठरवायचे. आणि वडिलांच्या वयाच्या कार्यकर्त्याला नम्रपणे, पण ठामपणे सांगायचे, ‘काका, बिल आल्याशिवाय रक्कम देता येणार नाही.’ अंतर्गत नियंत्रण, अंदाजपत्रक आणि वाटाघाटी हे तिन्ही धडे या दहा दिवसांत होतात. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर किंवा नाट्यस्पर्धेची जुळवाजुळव यांतूनही हेच साधते. अट एकच. शेवटी सर्वांसमोर जमाखर्च ठेवून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली पाहिजेत. उत्तरदायित्व नसलेला उपक्रम म्हणजे केवळ करमणूक.

येथे दोन दोष घडतात. दहा समित्यांत नाव घालून प्रमाणपत्रे गोळा करणे, हा पहिला. ती खोटी नोंद होय. मुलाखतीतील दुसऱ्या प्रश्नालाच ती उघडी पडते. उपक्रमांच्या भरात वर्ग बुडवणे, हा दुसरा. त्यात उत्पन्न वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात भांडवलच खाल्ले जाते.

परंतु सर्वांत मोठा अन्याय निराळाच आहे. संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगा किंवा शिकवण्या घेऊन स्वतःचे शुल्क भरणारी मुलगी यांना कोणत्याही समितीत वेळ देता येत नाही. त्यांच्या अर्जातील ‘इतर उपक्रम’ हा रकाना कोरा राहतो. वास्तविक उधारी कोणाला द्यावी, शिल्लक माल कसा हलवावा, रागावलेल्या गिऱ्हाइकाला कसे सांभाळावे, हे त्या मुलाला पुस्तकाआधी कळलेले असते. ते श्रम अनुभव म्हणून मोजणे हे प्राध्यापकांचे कर्तव्य आहे आणि ते संकोच न धरता सांगणे विद्यार्थ्याचे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कार्यानुभवाला महत्त्व दिले आहे. त्या अनुभवात गल्लीतील दुकानालाही स्थान असावे.

मराठी माध्यमातून आलेल्यांपुढे आणखी एक अडसर असतो. गटचर्चेत उत्तर मनात तयार असते, पण इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे सरकतो. ही उणीव समजुतीची नाही, सरावाची आहे आणि ती वक्तृत्वमंडळात, चुका करीत, भरून निघते. शिवाय घरी मराठी, बाजारात गुजराती आणि कागदावर इंग्रजी वापरणारा पदवीधर तीन प्रकारच्या माणसांशी व्यवहार करू शकतो. हे भांडवल त्याने ताळेबंदात दाखवलेच पाहिजे.

सयाजीराव महाराजांच्या या नगरीत 1908 मध्ये बँक ऑफ बडोदा उभी राहिली. बँक पैशावर चालते, असे म्हणतात. ती चालते ठेवीदाराच्या विश्वासावर. पदवीधराचेही तसेच आहे. म्हणून पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रत्येकाने एक पानभर टिपण लिहावे: कोणते काम हाती घेतले, दुसऱ्यांचे किती पैसे सांभाळले, किती माणसे सोबत होती, काय चुकले आणि ते कसे निस्तरले. ते पान प्रामाणिकपणे भरता आले, तर राहून गेलेली नोंद झाली असे समजावे. भरता आले नाही, तर वर्ष अजून संपलेले नाही.