मासळीतील जड धातू : किंमत कोणी मोजायची?

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदी एन्नोरच्या खाडीतून समुद्रास मिळते. खाडीच्या परिसरात औष्णिक वीज केंद्रांची राख साचली आहे. मणलीचा रासायनिक उद्योगपट्टाही जवळच आहे. अशा राखेतील व सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम, पारा हे धातू नष्ट होत नाहीत. ते गाळात बसतात आणि तेथून शिंपले, खेकडे, मासे यांच्या शरीरात साचत जातात. शिसे व कॅडमियम यकृतात आणि कल्ल्यांत अधिक साठतात. मिथिल पारा मात्र मांसातच उतरतो आणि मोठा मासा लहान माशास खातो तसतसे त्याचे प्रमाण वाढते. मासळी साफ केल्याने तो जात नाही. १९५६ मध्ये जपानात मिनामाता येथे उघडकीस आलेली विषबाधा याच वाटेने झाली होती.

अर्थशास्त्रात यास ऋण बाह्यता म्हणतात. हा खर्च विजेच्या दरात दिसत नाही, तो मच्छीमारावर पडतो. बोभाटा झाला की खोल समुद्रातील चांगल्या मासळीचाही भाव कोसळतो. निर्यातीचा माल तपासला जातो, कारण परदेशी ग्राहक तशी अट घालतो. काशिमेडू बंदरावर पहाटे विकलेली मासळी मात्र प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच शिजलेली असते.

१९९६ च्या वेल्लोर खटल्यात, तमिळनाडूतीलच चर्मोद्योगाच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषकाने भरपाई द्यावी' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. आपण ते परीक्षेसाठी पाठ करता. माझ्या मते त्याच तत्त्वाने नियमित तपासणीचा खर्च उद्योगांकडून घ्यावा आणि माशांच्या जातीनुसार निष्कर्ष बंदरावर तमिळ भाषेत लावावेत.