शेजाऱ्याकडून काय घ्यावे?

(सियागंज येथे आपल्या मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



बांगलादेशाचे नाव निघाले की आपल्या घरांत गरिबी, पूर आणि घुसखोरी यापलीकडे बोलणे जात नाही. पण आज आपण सियागंजच्या बाजारात जमलो आहोत, तेव्हा जरा हिशेबाने बोलू.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश दोघेही १३० व्या क्रमांकावर आहेत. दरडोई उत्पन्न आपले थोडे जास्त. शिक्षणाची सरासरी वर्षे जवळपास सारखी. पण सरासरी आयुर्मान आपले ७२ वर्षे आणि त्यांचे सुमारे पावणेपंचाहत्तर. १९७१ साली तो देश जन्मला तेव्हा या बाबतीत आपण पुढे होतो.

हे कसे घडले? बरेचसे या बाजारात पोत्याने मिळणाऱ्या दोन जिनसांमुळे: मीठ आणि गूळ. हगवणीच्या रोग्याला मीठ-साखरेचे पाणी पाजून वाचवता येते, हे ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत १९६८ साली दिसून आले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत आपल्याच डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरले. पुढे १९८० पासून दहा वर्षे 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, एवढेच त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतल्या बायकांना शिकवले. बायकांच्या किती लक्षात राहिले, यावर कार्यकर्तीचा मेहनताना ठरे. जोडीला लसीकरण, संडास आणि गावातच राहणाऱ्या आरोग्यसेविका होत्या.

तिकडे सारे सोन्याचे आहे, असे मुळीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथले सरकार उलथले, अल्पसंख्याकांवर हल्ले झाले. आपली लोकशाही ही मोठी ठेव आहे. पण मत हातात असून आपण मागतो काय?

२०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार मध्य प्रदेशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी ४३ बालके वर्षाच्या आत दगावली. आपल्या सोयरिकी जिथे होतात त्या महाराष्ट्रात हा आकडा १६ होता. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तरी डिसेंबर २०२५ मध्ये याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात नळाच्या दूषित पाण्याने माणसे दगावली. झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो, जमिनीखालची नळवाहिनी दिसत नाही.

होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस यांना बोलावून १९१८ साली या शहराचा आराखडा करून घेतला. त्यात पाणी, गटारे आणि प्लेग यांचा विचार होता. आपली घराणी त्या काळापासून इथे नांदत आहेत. तेव्हा 'आम्ही बाहेरचे, आमचे कोण ऐकणार' हे म्हणणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. यापुढे कोणी मत मागायला दारी आले, तर चहा जरूर पाजा. पण आपल्या वॉर्डातले पाणी शेवटचे कधी तपासले, त्याचा अहवाल कुठे लावला आणि अंगणवाडीत किती मुलांची वजने झाली, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत घेऊन या.