वात्सल्य: गोठ्यांतला शब्द

'वात्सल्य' हा शब्द आपण हल्लीं आईबापांसाठीं राखून ठेवतों. पण त्याचा जन्म गोठ्यांतला. 'वत्स' म्हणजे वासरूं. 'वासरूं' हाही 'वत्सरूपा'चाच अपभ्रंश. 'संवत्सर' त्याच कुळांतला. तेव्हां वत्स म्हणजे मूळचें वर्षाचें पिलूं.

गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत, त्या धानाच्या मुलखांत, गाय व्याली कीं पाहावें. ओलें वासरूं ती चाटून कोरडें करते. खरखरीत जिभेनें त्याचें रक्त खेळूं लागतें आणि त्याचा वास तिच्या ओळखीचा होतो. पहिल्या कांहीं तासांत ही ओळख पटली नाहीं, तर पुष्कळदां ती त्याला आंचळाला लागूं देत नाहीं. नातें ठरतें तें असें, जिभेनें! शहरांतल्या आम्हां मंडळींना हा स्पर्श आतां शब्दांतच उरला आहे. अथर्ववेदांतील सूक्तकाराचें तसें नव्हतें. घरच्या माणसांनीं एकमेकांवर प्रेम करावें, हें सांगतांना त्यानें उपमा घेतली ती नुकत्याच जन्मलेल्या वासराची आणि त्याच्या गाईची.