कालवांच्या कातळावर कोणाचं नाव?

(नवी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर पहिल्या पिढीतल्या पदवीधर विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर.)



आज इथे येताना नव्या महाराष्ट्र सदनावरून आले. आपण बसलो आहोत त्या रस्त्याला पूर्वी कर्झन रोड म्हणायचे, आज कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात. रस्त्याचं नाव बदलायला कागदावरची एक ओळ पुरते आणि त्यात कोणाचं नुकसान होत नाही. पण अशीच एक ओळ समुद्राबद्दल लिहिली गेली, तेव्हा आमच्याकडे काय झालं, ते मी आज सांगणार आहे.

मी मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावची. आमचं घर बौद्धवाडीत. आमच्याकडे होडी नव्हती, जाळं नव्हतं, परवाना नव्हता. तरी आमचं घर निम्मं समुद्रावर चाललं. माझी आजी ओहोटीची वेळ बघून कातळावर जायची. लोखंडी टोकदार हत्याराने कालवं फोडायची, डब्यात भरायची आणि बाजारात विकायची. खाडीत उतरून तिसऱ्या, मुळे काढायची. माझ्या बारावीच्या फीचे पैसे त्या डब्यातून आले. त्या पैशाला ओल्या खडकाचा वास होता. ही गोष्ट कॉलेजात मी कधी कोणाला सांगितली नाही. आज सांगते.

आता तो कागद. 13 एप्रिल 1987 रोजी महाराष्ट्र सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर. त्यातलं 3.182 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आला, पद्मगड आला, आजूबाजूचे कातळ आले. अभयारण्याची हद्द एका बाजूला मालवण बंदरापासून जेमतेम 50 मीटरवर येते. म्हणजे होडी किनाऱ्यावरून ढकलली, चार वेळा वल्हं मारलं की तुम्ही अभयारण्यात.

हे सगळं झालं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. हा कायदा मुळात जंगल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. त्याच्या कलम 29 प्रमाणे अभयारण्यातला वन्यजीव मारणं, काढून नेणं किंवा त्याच्या अधिवासाचं नुकसान करणं यावर बंदी आहे. जंगलात या शब्दांचा अर्थ लवकर कळतो. समुद्रात वन्यजीव म्हणजे काय? बांगडा? तारली? आजीची कालवं? बंदरावर हा प्रश्न विचारला गेला आणि तिथूनच विरोध सुरू झाला.

विरोध करणारे कोण होते? गाबीत होते, भंडारी होते, रापणकर होते, गिलनेटवाले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला न विचारता आमच्या दारातला समुद्र तुम्ही राखीव केलात, आता आम्ही जायचं कुठे? हा विरोध इतका ठाम होता की अभयारण्य पुढची कित्येक वर्षं बहुतांशी कागदावरच राहिलं. 2011 नंतर संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जैवविविधता संवर्धनाचा प्रकल्प आला. त्याचा हेतू उपजीविका आणि संवर्धन जोडण्याचा होता. तरीही "हे परत अभयारण्यच आणतायत" हा संशय पुन्हा वर आला. ज्याला एकदा न विचारता वगळलं, तो दुसऱ्या वेळी विचारायला आलेल्यावरही विश्वास ठेवत नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग समुद्र वाचवायचा नाही का? वाचवायचा आहे. मासा कमी झाला हे सगळ्यांत आधी कोणाला कळलं असेल, तर ते आमच्या लोकांना. पण मासा कमी कोणी केला, तेही बघायला पाहिजे.

रापण माहीत नसेल तर सांगते. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत जायचं आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायची. मिळेल त्या मासळीचे वाटे करायचे. ही किनाऱ्याजवळची, मासा येईल तेव्हा करायची मासेमारी. याच्यासमोर उभं करा पर्ससीन जाळं. माशांचा आख्खा थवा वेढून खालून पिशवीसारखं आवळणारं. त्यात रात्री एलईडीचे प्रखर दिवे लावून मासा गोळा करणं. रापणीच्या पन्नास घरांचा हंगाम एका बोटीच्या एका रात्रीत जातो. पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं या विरोधात रस्त्यावर उतरले, तेव्हा डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. 2017 मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. म्हणजे समुद्र वाचवा ही मागणी किनाऱ्यावरच्या लोकांची जुनीच मागणी आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याची रीत कुठल्या मंत्रालयाने शिकवलेली नाही.

आता गंमत बघा. त्याच कायद्याच्या कलम 28 मध्ये अभयारण्यात शिरण्याचा परवाना कोणकोणत्या कारणांसाठी देता येतो, याची यादी आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन आणि पर्यटन. मालवणच्या जेटीवरून किल्ल्याकडे दिवसभर पर्यटकांच्या होड्या जातात. किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग चालतं. त्यातून आमच्याच काही घरांना पैसे मिळतात, म्हणून मी पर्यटनाला शिव्या देणार नाही. पण जो प्रवाळ बघायला पाण्यात उतरतो तो निसर्गप्रेमी, आणि जी पोट भरायला त्याच कातळावर उतरते ती निसर्गाचं नुकसान करणारी, ही विभागणी कुठून आली? हाताने काम करणाऱ्याचं ज्ञान हे ज्ञान नव्हे, त्याचा स्पर्श म्हणजे बिघाड, लांबून बघणारा तेवढा शुद्ध. ही नजर आपल्या ओळखीची आहे. तिचं मूळ शोधायला समुद्रात उतरायची गरज नाही.

ही गोष्ट फक्त आपल्या देशातली नाही. हिंदी महासागरात चागोस बेटं आहेत. 1968 ते 1973 या काळात ब्रिटनने तिथल्या रहिवाशांना लष्करी तळासाठी हुसकावून लावलं. 2010 मध्ये त्याच ब्रिटनने त्या बेटांभोवती प्रचंड मोठं सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं आणि मासेमारी बंद केली. हुसकावलेल्या लोकांनी परत येऊन जगायचं कशावर? 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ही घोषणा समुद्री कायद्याच्या कराराचा भंग करणारी ठरवली. म्हणून कुठेही संरक्षणाचा नकाशा दिसला, की त्या नकाशात माणसं कुठे आहेत ते आधी शोधायचं.

आपल्याच देशात 2001 च्या जुलैमध्ये केंद्राने झाडून सगळे शार्क, पाकट आणि त्यांच्या कुळातले मासे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकले. आमच्याकडे मोरी हा रोजच्या ताटातला मासा. वाघाइतकं संरक्षण मोरीला मिळालं. मच्छीमारांनी विरोध केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती यादी मोजक्या जातींपुरती आणावी लागली. आधी विचारलं असतं, तर कोणती मोरी दुर्मिळ झाली आणि कोणती नाही हे बंदरावरच्या बाईनेही सांगितलं असतं.

आता मी थोडं अवघड बोलणार आहे. कारण आपल्या माणसांबद्दल बोलायचं आहे.

मी कॉलेजात असताना आमच्या भागात अभयारण्याबद्दल एक बैठक झाली. मी आजीला घेऊन गेले. समोर अधिकारी बसले होते, बाजूला मच्छीमारांचे पुढारी. हजेरीच्या कागदावर रकाने होते: नाव, गाव, होडीचा नंबर. आजीने मला विचारलं, मी काय लिहू? तिच्याकडे होडीचा नंबर नव्हता. मी मागे बसलेल्या एका ओळखीच्या काकांना विचारलं. ते चांगले गृहस्थ, आंदोलनात लाठी खाल्लेले. ते म्हणाले, "तुमचा काय, तुमी मच्छीमार थोडेच?"

घरी येताना आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गो बाय, कातळ सरकारचो झालो तर सरकार आमका हाकलतला. होडयेवाल्यांचो झालो तर ते हाकलतले. मगे कालवां खयसून काढूची?"

त्या दिवसापासून मला हा प्रश्न सुटलेला नाही. अभयारण्याच्या विरोधातल्या लढ्याच्या मी बाजूने आहे. पण त्या लढ्याच्या हजेरीत माझ्या आजीला रकाना नव्हता. सरकारच्या मोजणीत होडी म्हणजे मच्छीमार, आणि आंदोलनाच्या मोजणीतही होडी म्हणजेच मच्छीमार. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकणारी गाबतीण त्यात नाही. कातळावरची बौद्धवाडीतली बाई त्यात नाही. खाडीत हाताने मासे धरणारा भूमिहीन माणूस त्यात नाही. ज्यांचं नाव नोंदीत नाही, त्यांना भरपाई नाही, पर्यायी रोजगार नाही आणि हरकत घ्यायचा हक्कही नाही.

म्हणून महाडची आठवण काढते. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. बोले स्वतः भंडारी समाजातले, म्हणजे आमच्याच किनाऱ्याच्या माणसांपैकी. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळालं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा तो हक्क कागदावरून खाली उतरला. यातून मी दोन गोष्टी शिकले. कागद लागतोच, कारण बोलेंच्या ठरावाशिवाय महाड उभं राहिलं नसतं. आणि कागद पुरत नाही.

आपण पहिल्या पिढीतले पदवीधर. घरचे विचारतात, शिकून काय केलंस? माझं उत्तर असं, की मी घरातली पहिली माणूस आहे जिला राजपत्र वाचता येतं. हे लहान काम नाही. कसं ते सांगते.

वन्यजीव कायद्याच्या कलम 21 मध्ये लिहिलं आहे की अभयारण्याच्या हद्दीतल्या लोकांचे हक्क ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्याने प्रादेशिक भाषेत जाहीर सूचना काढायची आणि लोकांनी दोन महिन्यांत आपला दावा लेखी द्यायचा. दोन महिने! दावा कोण लिहिणार? ज्याला अर्ज लिहिता येतो तो. 1991 मध्ये याच कायद्यात कलम 26अ आलं. सागरी हद्दीतलं क्षेत्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्याचे पुरेसे उपाय आधी करायचे, असं त्यात सांगितलं आहे. मालवणची घोषणा 1987 ची. म्हणजे मच्छीमाराचं हित हे शब्द कायद्यात यायच्या चार वर्षं आधी त्याचा समुद्र अभयारण्यात गेला होता. हे वाक्य बैठकीत उभं राहून बोलता आलं पाहिजे.

तिसरा कागद 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम 3(1)(ड) मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पादनं घेण्याचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. हा कायदा वनजमिनीला लागू होतो. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानंतर आपल्याकडे सरकारी जमिनीवरची खारफुटी वन म्हणून जाहीर होत गेली. मग त्या खारफुटीतल्या खाडीत तिसऱ्या काढणाऱ्या बाईचा दावा ग्रामसभेत का मांडू नये? मांडायला पाहिजे, आणि पुरावा म्हणून वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायला पाहिजेत. कायद्याच्या नियमांत ज्येष्ठांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात.

तर तुमच्याकडे माझी तीन मागणी आहे. गावाकडे आलेली कोणतीही अधिसूचना वाचा आणि ती आजीला कळेल अशा भाषेत एका पानावर लिहून काढा. दुसरं, तुमच्या किनाऱ्यावर, नदीवर, तलावावर होडी नसलेले किती लोक पाण्यावर जगतात त्यांची यादी करा, बायकांची नावं आधी लिहा. तिसरं, आपल्याच संघटनेत उभं राहून विचारा की हजेरीच्या कागदावर रकाने कोणी पाडले. वाईटपणा येईल. मला आला. पुढच्या बैठकीच्या कागदावर 'होडीचा नंबर' याच्या जागी 'समुद्रावर काय काम करता' असा रकाना आला. तो त्याच काकांनी पाडला होता. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त पेन पुढे केलं.

आजी तोवर गेली होती. त्या रकान्यात तिचं नाव लिहिता आलं नाही. माझ्या आईचं लिहिलं. काम: कालवं काढणे. कधीपासून: आजीच्या आधीपासून.

जय भीम.